ताईच्या तोंडी चौघींची गाणी

बटणचं खरं नाव आमच्यात कोणी घेत नाही. तिला हे नाव पडलं चौघी या बँडच्या चाहत्यांच्या पहिल्याच मेळाव्यात, ती जेमतेम सोळा-सतरा वर्षांची असताना. एका शाळेची व्यायामशाळा भाड्याने घेऊन आम्ही सगळे जमलो होतो. एक मुलगी चौघींमधल्या गायिकेसारखा निळा कोट घालून ऐटीत मंचावर फिरत होती आणि टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

"डाव्या बाहीला चार बटणं आहेत. तुम्ही तीनच लावलीत."

"तू मोजायला गेली होतीस?" कोटवाली तडकली.

"हो. व्हिडिओ थांबवून मोजली."

सगळे हसले, आणि हसता हसता तिचं बटण झालं. गोल चेहरा, बुटकी चण, त्यामुळे नाव असं बसलं की पुढे उसवायची सोयच राहिली नाही.

चौघी म्हणजे चार मुलींचा बँड. एक गिटार वाजवायची, एक ड्रम, एक कीबोर्ड आणि एक गायची. बँडचं खरं नाव लांबलचक होतं, पण सगळं जग त्यांना चौघीच म्हणायचं. आणि आम्ही चाहते स्वतःला म्हणवायचो पाचव्या. माणूस बाईमाणूस असो की बाप्यामाणूस, एकदा चौघींच्या नादी लागला की तो पाचवीच. मी शाळेची बस चालवते. आमच्या डेपोतले लोक मला अजून विचारतात, "काय, या वयातही पाचवीतच? सहावीत कधी जाणार?" मी म्हणते, नापास होण्यातच मजा आहे.

बटणला आईवडील नव्हते. तिला वाढवलं तिच्या ताईने. ताई तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी, छापखान्यात मुद्रितं तपासायची. हातात लाल पेन, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी ती आत जाऊन सांगून यायची. दोघी दोन खोल्यांत राहायच्या. बाहेरची खोली ताईची आणि आतली दोघींची, पण आतल्या खोलीच्या सगळ्या भिंती चौघींच्या ताब्यात होत्या. टेप सकाळी सुरू व्हायचा तो ताई ओरडेपर्यंत चालायचा.

ताईला ती गाणी मुळीच आवडायची नाहीत. गोंगाट तर तिला खपत नव्हताच, पण त्याहून तिला खुपायचं व्याकरण. चौघींचं सगळ्यात गाजलेलं गाणं असं होतं :

*उशीर झाला तरी जिना मी चढणार,*
*तू मला आवडतो, कोण काय करणार!*

"आवडतोस!" ताई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून ओरडायची. "तू आवडतोस! ‘स’ कुठे गेला? गिळला का त्या बयेने?"

"ताई, गाण्यात चालतं."

"गाण्यात चालतं, मग उद्या पेपरात चालेल, परवा पुस्तकात चालेल. मग मी काय करू? घरी बसू?"

हे बटणने मला इतक्या वेळा करून दाखवलंय की ताईला भेटण्याआधीच मला ताई पाठ झाली होती.

पण त्या खुळाने बटणचं नुकसान केलं असं मी कधीच म्हणणार नाही. कोट शिवता शिवता तिचा हात असा बसला की कपडे धुऊन-इस्त्री करून देणाऱ्या एका मोठ्या दुकानात तिला दुरुस्तीचं काम मिळालं. मागच्या बाजूला वाफेच्या इस्त्रीशेजारी तिचं मशीन. कोणाची पँट आखूड करायची, कोणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं. दिवसभर परक्यांचे कपडे, आणि सुटीच्या दिवशी पाचव्यांचे निळे कोट. त्यांची चंदेरी कॉलर ती अशी बसवायची की बघणाऱ्याला वाटावं, थेट मंचावरूनच काढून आणलीय. मैत्रिणी मिळाल्या त्याही पाचव्यांमध्येच. माझं लग्न मोडलं तेव्हा मी महिनाभर त्या आतल्या खोलीत झोपत होते, गिटारवालीच्या चित्राखाली.

एकदा तिचंही लग्न ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता, बँकेत होता. एक दिवस घरी येऊन, भिंतींकडे बघत तो म्हणाला, "लग्नानंतर हे खूळ मात्र बंद करावं लागेल हं." बोलली ती ताई.

"खूळ आहे, मान्य. पण ते आमच्या घरातलं खूळ आहे. त्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन. तुम्ही चहा घ्या."

तो चहा घेऊन गेला तो गेलाच. बटण चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी मेळाव्याच्या तयारीला लागली. चौघी त्याआधीच विखुरल्या होत्या, चौघींची तोंडं चार दिशांना. पण मेळावा काही थांबला नाही. बँड मोडला म्हणून पाचव्या थोड्याच मोडणार!

अशी बरीच वर्षं गेली. आम्ही सगळ्या पन्नाशीकडे झुकलो, ताई निवृत्तीला आली. आणि एका सकाळी छापखान्यात, हातात लाल पेन असताना, ताई खुर्चीवरून खाली घसरली.

मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं. समजायचं सगळं, डोळे तसेच टोकदार होते, पण तोंड उघडलं की "ट... ट..." एवढाच आवाज निघायचा. जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द नीट करत आली, तिला पाणी मागता येईना. मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा तिने माझ्याकडे बघून तोंड उघडलं, मिटलं, आणि भिंतीकडे वळवलं.

इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. तरुण होत्या, चिकाटीच्या होत्या. बटण त्यांना बोलीबाई म्हणायची. त्यांनी ताईला आकडे म्हणायला लावले, वार म्हणायला लावले, शाळेतल्या कविता म्हणून बघितल्या. "कधी कधी पाठ असलेलं आधी बाहेर येतं," त्या म्हणायच्या. "किंवा गाणं. बोलणं मेंदूत जिथे असतं तिथे इजा झालीय, पण गाणं पुष्कळदा दुसऱ्या वाटेने येतं. यांना कुठलं गाणं आवडतं?"

"ताईला? गाणं?" बटण म्हणाली. "ताईला शांतता आवडते."

बोलीबाईंनी दोन-चार जुनी गाणी म्हणून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

बटण दुकानातून सुटली की थेट इस्पितळात यायची. मेळावा जवळ आला होता, कोटांचं काम अंगावर पडलं होतं, म्हणून ती शिवणाची पिशवी बरोबरच आणायची. त्या दिवशी ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून एका कोटाला अस्तर टाचत होती. मी खिडकीपाशी संत्रं सोलत होते. बटणला काम करताना गुणगुणायची सवय आहे, ती काय गुणगुणतेय हे तिचं तिलाही माहीत नसतं.

"उशीर झाला तरी जिना मी चढणार, तू मला..."

इथे तिने दोरा तोडायला दातांत धरला. ओळ तशीच लोंबकळत राहिली.

"...आवडतोस," पलंगावरून आवाज आला. "कोण काय करणार!"

चालीत. सुरात. स्पष्ट.

माझ्या हातातलं संत्रं खाली पडलं. बटणच्या दातांत दोरा तसाच. ताईने डावा हात तोंडावर ठेवला होता, जणू तिच्या तोंडून दुसरंच कोणीतरी बोललं होतं. तिने पुन्हा बोलायचा प्रयत्न केला : "ट... ट..." आणि डोळे भरून आले.

"ताई, थांब. थांब, बोलू नकोस, म्हण," बटण म्हणाली. "उशीर झाला तरी..."

"...जिना मी चढणार," ताईने गायलं. आणि पुढे पूर्ण कडवं म्हटलं, मग दुसरं, मग मधलं ते "ला ला ला" सुद्धा. बटण हसत होती, रडत होती आणि मध्येच मला म्हणत होती, "ऐकलंस? ‘स’ लावला! ‘आवडतोस’ म्हणाली! अगं, ही आत सगळी शाबूत आहे!"

नर्स धावत आली. तिच्यामागून बोलीबाई आल्या, त्यांना आनंद लपवता येईना.

"अरे वा! म्हणजे ही गाणी तुम्हाला खूप आवडतात तर!"

ताईने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, नाही. आणि तोंडातून आलं, "तू मला आवडतोस, कोण काय करणार!"

सगळे खो खो हसले. ताई हसली नाही. तिने डोळे मिटले आणि पांघरूण ओढून घेतलं. तिला काय वाटलं असेल ते तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही, आम्ही आनंदात होतो.

पुढचे काही आठवडे तो वॉर्ड चौघींच्या गाण्यांनी दणाणला. दोघी एकाच घरात राहिल्या होत्या, टेप वर्षानुवर्षं वाजला होता, आणि ताईच्या कानांना पापण्या थोड्याच होत्या! सगळी गाणी तिच्या आत जाऊन बसली होती. बोलीबाईंनी त्याच चालींवर रोजचे शब्द बसवले. "पाणी मला हवं, आत्ता मला हवं." "खिडकी लाव ना, वारा येतो ना." ताई डाव्या हाताने गादीवर ठेका धरून म्हणायची. आधी पूर्ण ओळ, मग हळूहळू सूर काढून टाकायचा आणि शब्द ठेवायचा. भेटीच्या वेळेत आम्ही पाचव्या आळीपाळीने जायचो. एक पोस्टातली, एक दात बसवणारी, आमचे घड्याळं दुरुस्त करणारे अध्यक्ष. पलंगाभोवती उभे राहून गायचो. शेजारच्या पलंगावरची आजी म्हणायची, "इस्पितळ आहे की बँडबाजा?" पण दुसऱ्या दिवशी तीच विचारायची, "आज कोण येणार गायला?"

ताई मात्र चिडायची. डॉक्टर विचारायचे, "काय, कसं वाटतंय आज?" तिला सांगायचं असायचं, रात्री पाय दुखला, आणि यायचं, "जिना मी चढणार!" डॉक्टर म्हणायचे, "शाब्बास! हीच जिद्द पाहिजे." ताई त्यांच्याकडे अशी बघायची की लाल पेन हातात असतं तर तिने डॉक्टरांनाच काट मारली असती.

एक दिवस इस्पितळाच्या पायऱ्यांवर अध्यक्षांनी बटणला गाठलं.

"मला एक सुचलंय. यंदा ड्रमवाली मेळाव्याला येणार आहे, पक्कं झालंय. तिने ड्रम वाजवायचा आणि ताईंनी गायचं. मंचावर, खुर्चीत बसून. विचार कर. जिचं बोलणं गेलं तिला चौघींनी बोलतं केलं! अख्खं सभागृह रडेल."

माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की ही भेट आहे. आणि बटणचे डोळे चमकले, ते मी पाहिलं. इतक्या वर्षांत ताई एकदाही मेळाव्याला आली नव्हती. बटण दर वर्षी विचारायची आणि ताई दर वर्षी म्हणायची, "मला काम आहे."

बटणने आठवडाभर खपून ताईच्या मापाचा निळा कोट शिवला. उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी ठेवली आणि तिला टिचबटणं लावली, म्हणजे लुळा हात आत कोंबावा लागू नये, नुसता ठेवून बाही मिटता यावी. चंदेरी कॉलर लावली. मग एका दुपारी तो ताईच्या मांडीवर ठेवून तिने सगळं सांगितलं. ड्रमवाली, मंच, खुर्ची.

ताईने डाव्या हाताने कोट चाचपला. शिवणीवरून बोट फिरवलं, बाही उघडून बघितली, मिटून बघितली. तिला काम कळत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने कोट हळूच बाजूला सारला.

"ना... नाही."

हे गाणं नव्हतं. कुठल्याही चालीवर नव्हतं. ताईचा स्वतःचा शब्द होता, आजारानंतरचा पहिला.

"मी," ताई म्हणाली. कपाळावर घाम आला होता. "माझं... नाही. गाणं. माझं नाही."

कोणीही आनंदाने नाचावं अशी ती वेळ. पण बटणला ऐकू आला तो नकार.

"एकदा!" ती म्हणाली. "आयुष्यात एकदा मागितलं तुझ्याकडे. ज्यांच्यामुळे तोंडातून शब्द फुटला त्यांच्यासाठीसुद्धा तुला एक दिवस काढता येत नाही? कधीच तुला माझं काही आवडलं नाही!"

ताईने तिच्याकडे बघितलं. उत्तर आत नक्की होतं, वाटेत कुठेतरी अडलं होतं. तिने ओठ हलवले आणि सोडून दिलं. बटण पिशवी उचलून बाहेर पडली.

माझी बस समोरच्या रस्त्यावर उभी होती, मुलांना सोडून मी तिकडूनच आले होते. बटण येऊन लहान मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मी तिला रडू दिलं. मग म्हटलं, "तिला गाणी का पाठ आहेत?"

"का म्हणजे? ऐकून ऐकून."

"कोण लावायचं?"

तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

"अगं, ती तुझी बहीण आहे, पाचवी नाही. तिला ते आवडत नाही म्हणून ती तुला सांगत आली, आणि तरी तिने एकदाही तुझा टेप फेकला नाही. आता तिच्या तोंडात तिचे स्वतःचे शब्द उरले नाहीत, तुझेच आहेत. आणि ते घेऊन तिला तू चारशे लोकांसमोर बसवणार? तिला काय वाटत असेल?"

बटणने नाक पुसलं. "म्हणजे मी इतकी वर्षं तिचे कान खाल्ले."

"खाल्लेसच. त्यात काय शंका?"

यावर ती हसली, निदान हसल्यासारखं केलं. मग उठली आणि परत वर गेली. मीही मागोमाग गेले, कारण मला राहवेना.

ताई तशीच बसली होती, कोट शेजारी. बटण पलंगाच्या कडेवर टेकली.

"नाही जायचं," ती म्हणाली. "अध्यक्षांना मी सांगते. चुकलं माझं."

ताईने मान डोलावली.

"हा कोट नेऊ परत?"

ताईने विचार केला. कोट जवळ ओढला, उघडी बाही पुन्हा एकदा मिटून पाहिली. मग चंदेरी कॉलरवर बोट ठेवलं.

"हे... नको."

बटणने तिथेच कात्री काढली आणि कॉलर उसवली. खाली साधी निळी पट्टी लावून दिली. ताईने तो कोट त्याच संध्याकाळी घातला. सोयीचा होता, दुसऱ्याची मदत न घेता घालता येत होता.

मेळाव्याच्या दिवशी बटण म्हणाली, मी जात नाही, तुझ्यापाशी बसते. ताईने दाराकडे हात केला. "जा. जा, जा." मग मी म्हटलं, मी बसते. ड्रमवालीला मी एकदा जवळून पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला थोडी विश्रांती हवी होती.

इस्पितळात रुग्णांना बसायला एक मोठी खोली होती, तिथे टीव्ही असायचा. मी ताईला चाकाच्या खुर्चीतून तिथे नेलं. समोर सूपचा वाडगा, ताई डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होती आणि अर्धं सूप रुमालावर सांडत होतं. टीव्हीवर टेबल टेनिसचा सामना चालला होता. कोणीतरी लावून ठेवलेला, बघत कोणीच नव्हतं. खेळणाऱ्यांपैकी एक मुलगी डावखुरी होती, काटकुळी, घामाने केस कपाळाला चिकटलेले.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ताईचा चमचा हवेतच थांबलाय. ती त्या मुलीच्या मनगटाकडे बघत होती. नुसतं बघत नव्हती, मुद्रित तपासावं तसं बघत होती. मुलीने एक सोपा चेंडू जाळीत मारला.

"अगं मूर्ख!" ताई म्हणाली.

मी दचकले. "मला म्हणालात?"

तिने टीव्हीकडे बोट केलं. पुढचा चेंडू आला. "डावीकडे! डावीकडे मार!" मुलीने डावीकडे मारला आणि गुण घेतला. ताईने खुर्चीच्या हातावर अशी थाप मारली की सूप आमच्या दोघींच्या अंगावर उडालं. रागाच्या भरात, उत्साहाच्या भरात तिच्या तोंडून शब्द आपोआप निसटत होते, कुठल्याही चालीची वाट न बघता. डावखुरी शेवटी जिंकली. ताई घामाघूम झाली होती.

"परत?" तिने मला विचारलं. "कधी?"

मी कुठून सांगणार! जाऊन नर्सला विचारून आले.

संध्याकाळी बटण आली ती हवेत तरंगतच. ड्रमवालीशी हात मिळवला होता, तिने बटणने शिवलेला कोट घालून वाजवलं होतं, अध्यक्ष रडले होते. ताईने थोडा वेळ ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं."

"डाव... डावखुरी," ताई म्हणाली. आणि एकेक शब्द ओढून आणत, हातवारे करत तिने सामना सांगितला. बटणला त्यातलं काही कळलं नाही, पण ती तोंडाचा आ करून ऐकत राहिली.

सगळं चांगलंच झालं असं मात्र नाही. ताई पुन्हा छापखान्यात गेली नाही. मालक एकदा घरी आले, सोबत थोडी मुद्रितं आणली. ताईने चार ओळी वाचल्या, पाचवीवर अडखळली, पुन्हा पहिलीवर गेली. मग पेन ठेवलं. मालक गेल्यावर ती त्या कागदांवर डोकं टेकून रडली. पुस्तकं आजही तिला चार-पाच ओळींच्या पुढे पेलत नाहीत.

बोलणं मात्र हळूहळू आलं. आखूड वाक्यं, मध्ये खळगे. तिचे शब्द येत गेले तशी गाणी मागे सरली. आता ती चौघींचं काही म्हणत नाही. अगदीच शब्द अडला तर नाकातल्या नाकात चाल धरते आणि तिच्या जोरावर शब्द बाहेर काढते, बंद पडलेली गाडी ढकलून सुरू करावी तशी.

आणि डावखुरी घरात आली. पेपरातले फोटो ताई डाव्या हाताने कापायची, वाकडेतिकडे, आणि आतल्या खोलीत चिकटवायची.

"ही भिंत माझी आहे," बटण म्हणाली.

"अर्धी," ताई म्हणाली.

मग एके दिवशी डावखुरी आमच्याच गावातल्या क्रीडागृहात खेळायला येणार असं कळलं. तिकिटं बटणने काढली. आम्ही तिघी गेलो. ताई काठी टेकत, निळा कोट घालून. बटणला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"कोण पुढे आहे?"

"गप्प."

"ती टेबलाला हात का पुसते?"

"गप्प गं!"

डावखुरी हरली. पहिल्याच फेरीत, चार गेममध्ये. दुसरीकडे टाळ्या वाजत होत्या आणि ताई रिकाम्या टेबलाकडे बघत बसली होती. पण बटणला अशा माणसाचं काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. तिने हातातलं शिवण पिशवीत कोंबलं.

"चला," ती म्हणाली. "मागच्या दाराला."

"काय?" मी विचारलं.

"गाणारे असोत की खेळणारे, बाहेर मागच्याच दाराने पडतात. आणि हरलेले आधी पडतात. ताई, ऊठ, उशीर करू नकोस."

मागच्या गल्लीत कचऱ्याचे डबे होते, एक बंद टेम्पो होता, वारा बोचरा होता. बटणने ताईला दारापासून नेमकी कुठे उभी करायची ते ठरवलं : फार जवळ नको, माणूस बिचकतं, फार लांब नको, दिसत नाही. गळ्यातला मफलर काढून ताईला गुंडाळला. आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. मग दार उघडलं आणि ती मुलगी बाहेर आली. टीव्हीवर दिसायची त्याहून लहान, खांद्यावर बॅग, डोळे लाल.

ताई पुढे झाली. तोंड उघडलं. शब्द अडला.

मुलगी थांबली. तिने ताईचा हात बघितला, काठी बघितली. मी बोलणार होते, "या तुमच्या मोठ्या चाहत्या आहेत" वगैरे, पण बटणने माझा दंड घट्ट दाबला. ती स्वतःही बोलली नाही. दोघी बहिणी नुसत्या उभ्या, एक शब्द शोधत, दुसरी वाट बघत.

"मनगट," ताई अखेर म्हणाली. "घाई... करते."

मुलीच्या भुवया वर गेल्या. मग तिने स्वतःच्या डाव्या मनगटाकडे बघितलं.

"माझे सरही हेच म्हणतात," ती म्हणाली.

"छान... खेळ. पण घाई."

"हो," मुलगी म्हणाली आणि पहिल्यांदा थोडी हसली. "पुढच्या महिन्यात पुन्हा सामना आहे. याल?"

"येणार," ताई म्हणाली. हा शब्द कुठेही अडला नाही.

मुलगी गेली. ताई गल्लीच्या टोकापर्यंत तिच्याकडे बघत राहिली. बटण तिच्या मफलरचं टोक नीट खोचत होती.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. बटणने विचारलं, "बरं, मला आता पहिल्यापासून सांग. जिंकायला किती लागतात?"

"अकरा," ताई म्हणाली. आणि आमचा थांबा येईपर्यंत ती सांगत राहिली.